शिलाई खात्याची देणगी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक, आणि शक्य असल्यास उभं राहून ऐकावं अशा विनंतीसह, कळवण्यात येतं की प्रस्तुत लेखक हा आपल्या लोकशाहीच्या आधारस्तंभांपैकी एक आहे. ही बढाई नव्हे. माझ्याकडे पावती आहे. चकचकीत कागद, रंगीत छपाई, वर एका नेत्याचा हसरा फोटो, खाली माझं संपूर्ण नाव, आणि मधोमध एक वाक्य : 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी आहोत.' ज्या माणसाला पिंप्राळ्यातला किराणावाला महिनाभर उधार द्यायला तयार नाही, त्याची एक अख्खी राजकीय आघाडी सदैव ऋणी आहे. बसा आता खाली.

देणगी मी दिलीच नव्हती, हा तपशील किरकोळ आहे. पण त्या किरकोळ तपशिलापायी एका बाईचं घर गेलं, म्हणून लिहायला बसलो.

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात मी आयुष्य काढलं. पद डिझाइन मास्तर. बाहेरच्यांना हे नाव ऐकून वाटतं मी साड्यांवर मोर काढतो. मी चटईवर मोर काढायचो. तुम्ही ज्या प्लास्टिकच्या चटईवर बसून भरीत-पुरी खाता, ती पूर्वजन्मी कोणाची तरी बादली असते. भंगारातलं प्लास्टिक दळून, वितळवून त्याचा दाणा करतात. दाणा पुन्हा वितळवून त्याची शेवेसारखी बारीक नळी ओढतात. ती नळी मागावर चढते, खडाखडा विणली जाते, आणि शेवटी शिलाई खात्यातल्या बाया तिच्या कडांना पट्टी शिवतात. कडा शिवली नाही तर चटई महिन्याभरात उसवते. म्हणजे कारखान्यात तीन खाती : दाणा, माग आणि शिलाई. कुठल्या रंगाची नळी कुठे बसवली म्हणजे वेल उमटते आणि कुठे बसवली म्हणजे नुसता गोंधळ, हे ठरवणारा मी.

निवडणुकीच्या दिवसांत माझ्या कलेला ग्रहण लागायचं. कुठलंही फूल काढा, पक्षी काढा, भांडं काढा, ती कोणाची तरी निशाणी निघते. एकदा मी निरागसपणे एक वस्तू विणली आणि धुळ्याच्या व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. 'मास्तर, मी प्रचार विकत नाही,' म्हणाला. तेव्हापासून आचारसंहिता लागली की आम्ही फक्त चौकटी विणायचो. चौकट ही निशाणी अजून कोणी घेतलेली नाही.

आमचे शेठ कुठल्याच पक्षाचे नव्हते, त्यामुळे सगळ्या पक्षांचे होते. माणूस वाईट नव्हता. कामगाराच्या घरी लग्न असलं की स्वतः येऊन जेवायचे आणि दुसऱ्यांदा वरण मागायचे. पण त्यांची एक अडचण होती. स्वतःच्या नावाने एका उमेदवाराला देणगी दिली की दुसरा रागवायचा, दुसऱ्याला दिली की तिसरा वीज खात्याचा माणूस पाठवायचा. गेल्या निवडणुकीत त्यांना युक्ती सुचली. देणगी शेठने द्यायचीच नाही. कामगारांनी द्यायची.

एका दुपारी अख्ख्या कारखान्याचे मोबाईल एकदम वाजले. मागांच्या खडखडाटातही ऐकू आले. सगळ्यांच्या खात्यात 'विशेष प्रोत्साहन' जमा झालं होतं, पगाराच्या कितीतरी वर. भिकन नावाचा आमचा एक मागवाला आहे, धरणगावहून येतो. त्याने माग बंद केला आणि तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. बायकोने तो ठेवला आणि माहेरी फोन लावला. संध्याकाळपर्यंत भिकनच्या सासुरवाडीला जावई सापडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजी अवतरले. मुनीमजी म्हणजे आमचे हिशेबनीस, वय तिशीचं, पण कारखान्यात ते पद धारण करणाऱ्याला मुनीमजीच म्हणायची रीत. गळ्यात दोरीने एक पुठ्ठा अडकवलेला, पुठ्ठ्यावर पैसे पाठवायचा तो काळा-पांढरा चौकोन. एकेकाजवळ जाऊन पुठ्ठा पुढे करायचे. 'स्कॅन करा, भाऊ. लोकशाहीसाठी.' ज्याला जमत नव्हतं त्याचा मोबाईल स्वतः घेऊन करून द्यायचे. जे आलं होतं ते जसंच्या तसं गेलं. भिकन पुठ्ठ्याकडे आणि पुठ्ठा भिकनकडे बराच वेळ बघत होते.

'आते सासराले काय सांगू?' भिकन म्हणाला.

'सांग की जावई दानशूर आहे,' मी म्हणालो.

यातली खरी कारागिरी अशी की मुनीमजींकडे पुठ्ठे तीन होते. दाणा खात्याची देणगी गेली सत्तेतल्या पक्षाला. माग खात्याची विरोधी पक्षाला. आणि शिलाई खात्याची गेली तात्यांच्या आघाडीला. तात्या म्हणजे दोन्हीकडून रुसून बाहेर पडलेले, निवडून येतील असं कोणालाही वाटत नसलेले उमेदवार. शेठने सगळ्या घोड्यांवर पैसे लावले होते, खातेनिहाय. नक्षीवाला म्हणून मला शिलाईत धरलं, म्हणून माझ्या पावतीवर तात्या हसताहेत.

मग पावत्या आल्या, आणि शेठने ज्याचा विचारच केला नव्हता ते झालं. माणसांनी पावत्या वाचल्या.

आमच्या लोकांचे आयुष्यात कधी कोणी छापील आभार मानले नव्हते. लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांचं नाव 'आणि समस्त मित्रपरिवार'मध्ये. इथे संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट. दोन दिवस नुसती चेष्टा चालली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दाणा खात्यातला एकजण विरोधी पक्षाबद्दल काही बोलला, तर भिकन डबा ठेवून उठला. 'ओ, आमनी पार्टीले नाव ठेवू नको!' आमनी पार्टी! आठवडाभरापूर्वी त्या पार्टीचं नाव त्याला धड सांगता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात तिन्ही खाती जेवायला वेगवेगळी बसू लागली. दाणावाले मागवाल्यांना ठेचा देईनात. पैसा शेठचा, पक्ष शेठने वाटून दिलेला, आणि राग मात्र यांचा स्वतःचा, अगदी घरचा, ताजा. मी ते नाटक पोटभर पाहिलं. फार हसलो.

शिलाईतली सगळ्यात जुनी बाई सुमनअक्का. माहेर धुळ्याकडचं, बोली पक्की अहिराणी, नवरा कधीचाच वारलेला. शहराच्या कडेला नाल्याकाठी एक वस्ती आहे, तिथे दोन खोल्यांचं घर. ते घर अक्काने आणि नवऱ्याने रविवारी-रविवारी बांधलं, गवंडी न लावता. त्यामुळे त्याची एकही भिंत सरळ नव्हती, आणि अक्काला त्याचाही अभिमान. 'वाकडी शे, पन मनी शे,' म्हणायची, म्हणजे वाकडी आहे, पण माझी आहे. मुलगा सुरतेला कामाला, सून आमच्याच शिलाई खात्यात अक्काच्या शेजारच्या मशीनवर.

अक्काने पावतीला प्लास्टिकचं आवरण करून घेतलं आणि घरात देवाच्या फोटोंशेजारी लावली. मी चिडवलं, 'अक्का, तात्यांना उदबत्ती दाखवतेस का?'

'दखाडस ना,' ती म्हणाली. 'देव तं कधी पावती देस नही.'

आणि त्याच सुमारास वस्तीतल्या घरांवर लाल रंगाने फुल्या उमटल्या. नवा रस्ता वस्तीतून जाणार होता. कुठल्या सरकारी खात्याचा, हे मी लिहिणार नाही. कारखान्याचं नाव लिहीत नाही तसंच. मी शूर नाही. घरं पाडणार, एवढं नक्की. नाल्याकाठच्या जागेचे कागद कोणाकडेच नव्हते. वस्ती रडली, मोर्चा काढू म्हणाली, मोर्चा कोणाच्या झेंड्याखाली काढायचा यावर भांडली आणि घरी गेली.

अक्का रडली नाही. ती सकाळी कामावर आली ती पिशवीतून पावती काढूनच.

'मास्तर, यावर मनं नाव शे ना?'

'आहे.'

'मंग देणगी मनी शे. आनी देणगी मनी शे तं तात्या मना शे. चाल, मनासंगे.'

मी समजावलं. अक्का, ते पैसे शेठचे. आपण फक्त मधली नळी. एका बाजूने ओतलं, दुसऱ्या बाजूने गेलं. तिने शांतपणे ऐकलं.

'पगार बी शेठना खिशातूनच येस. तो मना नही का?'

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. थोडं तिच्यासाठी, आणि बरंचसं मजा बघायला.

तात्यांचं कार्यालय एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होतं. नवरा-नवरीच्या खुर्च्या अजून कोपऱ्यात होत्या. एका टेबलाशी संगणक घेऊन स्वीय सहायक बसलेला, केसांना तेल, खिशाला तीन पेनं. त्याने आधी आम्हाला मागच्या दाराकडे जायला सांगितलं, कारण वाटप मागच्या दाराने होतं. अक्काने पावती टेबलावर ठेवली.

'आमी लेवाले नही उनूत, भाऊ. आमी देनारं शेत.'

त्याने नाव संगणकात घातलं. पडदा बघितला. अक्काकडे बघितलं. पुन्हा पडदा बघितला आणि उभा राहिला.

'बसा ना, अक्का! अरे, चहा आणा! कपात आणा, कपात!'

आमचं शिलाई खातं सोडलं तर एवढी रक्कम एका नावावर देणारे तात्यांकडे फार कोणी नव्हते, हे आमच्या लक्षात तेव्हा आलं. पडणाऱ्या उमेदवाराला कोण देतो? अक्काला नेऊन कुठे बसवलं म्हणता? नवरीच्या खुर्चीवर. लाल मखमल, सोनेरी हात. नवऱ्याच्या खुर्चीवर तात्या स्वतः येऊन बसले. गोरेपान, घामेजलेले, आवाज बसलेला. अक्का काय करतात, कुठे असतात, सगळं विचारलं.

'चटईना कडा शिवस,' अक्का म्हणाली.

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. मी नाटकात काम केलेला माणूस आहे, खोटं पाणी मला कळतं. 'कडा शिवणारी बाई,' ते आजूबाजूच्यांना म्हणाले, 'आणि एवढं दिलं! अरे, मोठमोठे कारखानदार आपल्याला तोंड दाखवत नाहीत!'

मी जमिनीकडे बघू लागलो. आमच्या कारखानदारांचं तोंड मला फरशीत दिसत होतं.

अक्काने घराचं सांगितलं. तात्यांनी तिच्यासमोर फोन लावला. 'माझी बहीण समोर बसलीय. त्या वस्तीला हात लावायचा नाही. निवडणूक होऊ दे, मग बघू.' फोन ठेवून अक्काच्या पाया पडले. कोणीतरी फोटो काढला.

परत येताना रिक्षात अक्का पदराने पावतीचं आवरण पुसत होती. मेहरूणच्या वळणावर म्हणाली, 'मास्तर, मी इतली मोठी शे, हाई माले कोनी सांगंच नही आजलगून.'

चार दिवसांत तो फोटो चौकाचौकांत लागला. नवरीच्या खुर्चीत अक्का, पायाशी तात्या. खाली मोठ्या अक्षरांत : 'घामाच्या पैशातून विश्वासाची देणगी'. कारखान्यात धमाल उडाली. मागवाले अक्का दिसली की शिट्ट्या मारायचे. भिकन ओरडायचा, 'अक्का, तुनी पार्टी पडनारी शे!' अक्का मान न वळवता म्हणायची, 'तुना सासरा तुले इचारी राहिना, भिकन. पैसा कथा गया?' अख्खा माग विभाग हसायचा.

शेठ हसले नाहीत. त्यांनी अक्काला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मुनीमजी कोपऱ्यात उभे, पुठ्ठा मात्र गळ्यात नव्हता.

'अक्का, बसा,' शेठ म्हणाले. 'चहा घेणार?' आठवडाभरात तिला दुसऱ्यांदा कपात चहा मिळाला. 'तुम्ही गेलात, छान केलंत. पण आता लोक विचारताहेत, शिलाईवालीकडे एवढे पैसे आले कुठून. उद्या कोणी तुम्हाला विचारलं तर काय सांगाल?'

'जे शे ते.'

'नाही,' शेठ मऊपणे म्हणाले. 'सांगायचं की माझी बचत होती. आयुष्यभराची. मी मनाने दिली. कारण जे आहे ते सांगितलं, तर मी अडकेन. मी अडकलो तर कारखान्याला टाळं लागेल. मग शिलाईतल्या सगळ्या बाया कुठे जातील? तुमची सून कुठे जाईल?'

धमकी वाटत होती का? नाही. हिशेब वाटत होता. म्हणूनच ती जास्त चांगली बसली. अक्का चहाकडे बघत म्हणाली, 'बचत सांगसू.' आणि पुढे जो कोणी विचारायला आला, बातम्यांवाला असो की शेजारीण, तिने प्रत्येकाला तेच सांगितलं. सांगून सांगून तिच्या बोलण्यात एक थाट आला. माझी खात्री आहे, काही दिवस तिला ते खरंही वाटत होतं.

तात्या निवडून आले. शेठलाही धक्का बसला, पण घोड्यावर पैसे लावलेले होते. अक्काने शिलाईत पेढे वाटले, आणि मुद्दाम मागांपर्यंत चालत जाऊन भिकनच्या हातावर दोन ठेवले. वस्तीत तिला लोक आधी नमस्कार करू लागले. घरावरची लाल फुली तिने चुन्याने पुसून टाकली.

मग काही महिने गेले आणि रस्ता परत आला.

या वेळी तो सभ्यपणे आला. घरं पाडणार, पण जे खरोखर गरीब आहेत त्यांना गावाबाहेरच्या इमारतीत एकेक खोली देणार. खरोखर गरीब कोण, याची पाहणी झाली. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येकाचं नाव बसलं. अक्काचं बसलं नाही. आम्हाला वाटलं नजरचूक असेल. मी पुन्हा अर्धी रजा टाकली. या वेळी मजा बघायला नव्हे.

पाहणीचा अधिकारी तरुण होता, सरळ होता. त्याने मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. चौकातला तो फोटो.

'या तुम्हीच ना?'

'हा,' अक्का म्हणाली. क्षणभर हसलीसुद्धा. 'फोटो चांगला उना व्हता.'

'आजी, तुम्हीच मला सांगा. बचतीतून एवढी देणगी देणारी बाई मी गरिबांत कशी घालू? उद्या कोणी तक्रार केली तर वर उत्तर मला द्यायचंय.'

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. 'पैसा मना नव्हता, साहेब.'

'मग कोणाचा होता?'

खोलीत एक पंखा होता. मी त्याच्याकडे बघत बसलो. तो बंद होता.

अधिकाऱ्याने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. 'लिहून द्या. देणगी माझी नव्हती, अमुक माणसाची होती. त्याचं नाव घाला, सही करा. मी आत्ता, तुमच्यासमोर, तुमचं नाव बसवतो.'

त्याने खरंच बसवलं असतं. दोन ओळींचं काम होतं. घर त्या कागदावर होतं. अक्काला लिहिता येतं. चांगलं टपोरं अक्षर आहे तिचं. तिने पेन हातात घेतलं, टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

'भाऊ, पानी शे का?' तिने विचारलं.

पाणी पिऊन आम्ही उठलो. जिना उतरताना ती म्हणाली, 'शिलाईमा मनी सून बी शे, मास्तर.' माझाही पगार तिथलाच होता.

मग आम्ही तात्यांकडे गेलो. आता कार्यालय मंगल कार्यालयात नव्हतं. नवरीची खुर्ची नव्हती, पण तेल लावलेला सहायक तोच होता, आणि त्याने अक्काला लगेच ओळखलं. तात्या बाहेर आले, अक्काचे दोन्ही हात धरले. सगळं ऐकून घेतलं. आणि मग जे म्हणाले ते मी शब्द न बदलता देतो, कारण असं वाक्य मला सात जन्मांत सुचणार नाही.

'अक्का, तुम्ही माझ्या देणगीदार. तुम्हाला मी गरिबांच्या यादीत घालू? हा तुमचा अपमान माझ्या हातून होणार नाही.'

डोळ्यांत पाणी होतं. याही वेळी खरं होतं.

शेठला मी जाऊन सांगितलं. 'फार वाईट झालं, मास्तर,' ते म्हणाले. 'पण या वेळी आपण काही केलं तर पुन्हा पैशाचा विषय निघेल.' आणि संध्याकाळी मुनीमजींच्या हाती त्यांनी अक्काला दोन चटया पाठवल्या. नव्या जागी अंथरायला. चांगल्यातल्या होत्या, जाड विणीच्या, कडा पक्क्या. कडा अक्काच्याच मशीनवर शिवलेल्या होत्या, तिने बघताक्षणी ओळखल्या. नवी जागा म्हणजे सुनेच्या भावाच्या घराचा पुढचा व्हरांडा.

घर पाडलं त्या सकाळी आम्ही बरेचजण गेलो होतो. दाणा, माग, शिलाई, सगळी खाती. तोवर माग खात्याची पार्टी तात्यांना जाऊन मिळाली होती आणि दाणावाल्यांची बोलणी चालू होती, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतली भांडणंही कधीच मिटली होती. भिकनने अक्काची घरची शिलाई मशीन खांद्यावर घेतली होती. 'आते आपन बठ्ठा एकच पार्टीना, अक्का,' तो म्हणाला. चिडवायला म्हणाला की धीर द्यायला, त्यालाही कळलं नसावं. पत्रे काढून झाले होते. छप्पर गेल्यावर त्या वाकड्या भिंती आणखीच वाकड्या दिसत होत्या, जणू लोकांची नजर चुकवताहेत.

शेजारच्या घरांतली माणसं गाडीवर सामान चढवत होती. त्यांना खोल्या मिळाल्या होत्या. जाताना ती अक्काकडे बघत नव्हती, आणि बघितलं तरी त्यांच्या नजरेत जरा राग होता. एवढे पैसे असून ही बाई कशाला आपल्यात राहिली, असा. तिची बचत त्यांनीसुद्धा खरी मानली होती.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तात्यांनी नारळ फोडला. फटाके वाजले. मग सगळा लवाजमा चालत आमच्या बाजूला आला, काम सुरू होताना बघायला. तात्यांनी अक्काला पाहिलं आणि लांबूनच हात जोडले. तिनेही जोडले. सवयीने. पिवळं यंत्र घरासमोर येऊन उभं राहिलं. चालवणारा पोरगेला होता. खाली उतरून अदबीने म्हणाला, 'मावशी, आतलं सगळं काढलं ना?' अक्काने मान हलवली.

ठेकेदाराला घाई होती. तात्या ताटकळत उभे होते. त्याने चालवणाऱ्याला ओरडून विचारलं, 'डिझेल फुल आहे ना रे? मधे थांबायचं काम नाही!'

अक्का तेव्हा दोन पावलं पुढे झाली, आणि यंत्र, ठेकेदार, तात्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली :

'ओ भाऊ, या जेसीबीमा डिझल बी मनीच देणगीनं शे का?'